खंडेनवमीला काढलेली कडी

माझ्या नवऱ्याने एक गाडी बनवली होती. विकत घेतली नव्हती, बनवली होती, आणि हा फरक ते भेटेल त्याला थांबवून समजावून सांगत. नव्वद सालानंतरची गोष्ट. नवीन जालन्यात आमचं लेथचं वर्कशॉप होतं आणि त्याच्याच मागे दोन खोल्यांत सासूबाईंसह संसार. गावातल्या स्टीलच्या मिलमध्ये वितळवायला भंगाराचे ट्रक यायचे. त्यातलं एखादं लोखंड वाचवून घरी आणल्याशिवाय ह्यांना जेवण जात नसे. असं करत करत एका मोडक्या मोटारीचं इंजिन आलं, एका जीपची मागची चाकं आली, पाइपांचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर पातळ पत्रा चढला. दोन माणसांची, बुटकी, बिनटपाची गाडी. आरटीओच्या पासिंगचं नाव काढलं की हे कान खाजवायचे. गाडी पळायची मात्र फार, कारण वजन कमी. ह्यांना तोच एक ध्यास. मी म्हणायचे, वजनाचं एवढंच असेल तर आधी तुमचं पोट उतरवा.

इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. ती ताकद नेणारा लोखंडी शाफ्ट आमच्या दोन सीटच्या मधून, पत्र्याच्या बोगद्यातून जायचा. जीपचा शाफ्ट लांब पडला म्हणून ह्यांनी तो मधून कापून पुन्हा जोडला होता. त्या बोगद्यावर गोधडीची घडी टाकली की झाली आमच्या पोरीची जागा. ती तेव्हा बालवाडीत होती. म्हणजे खाली गरगर फिरणारं लोखंड आणि वर आमची पोर, मध्ये एक पत्रा आणि एक गोधडी.

एका ठरावीक वेगाला त्या बोगद्यातून आवाज यायचा. बंद दाराआड कुणीतरी पुटपुटत असावं, तसा. तो कानाला कमी आणि कमरेला जास्त जाणवायचा. वेग वाढवला की जायचा, कमी केला की परत यायचा. हे म्हणायचे, "जोड जरासा वाकडा बसला, बाकी काही न्हाई." पोरगी मात्र त्या पत्र्याला कान लावून बसायची. एकदा मी तिला विचारलं, काय ऐकतेस गं?

"खाली कुणीतरी मोजून राह्यलंय."

"काय मोजून राह्यलंय?"

"नुसतं मोजतंय. आपण थांबलो की थांबतंय. मंग तिथून पुढं चालू करतंय."

"कुठवर आलंय?"

"मला येत न्हाई, तिथवर गेलंय."

हे खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी काही देवभोळी बाई नाही, उपाससुद्धा सोयीने करते. पण अंगावर सर्रकन काटा आला, तो आला.

त्या दिवशी जेवताना मी सरळ विचारलं, हा शाफ्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? लोखंडाबद्दल विचारलं की ह्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "पुढचा जॉइंट गेला तर पुढचं टोक खाली पडतं. मागून तो फिरतच असतो. मंग एक तर रस्त्यात रुततो, न्हाईतर सापडंल ते फोडत वर येतो." बोलता बोलता त्यांचा भाकरीवरचा हात थांबला. मी म्हटलं, मग त्याला काहीतरी आडकाठी करा. ह्यांचं ठरलेलं उत्तर आलं, वजन वाढतं.

"आपल्या पोरीचं वजन किती हाय, ते एकदा बघा," मी म्हटलं आणि ताट उचलून निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाड पट्टीची दोन कडी बनवली. शाफ्टाला न लागता त्याच्याभोवती बसणारी, खालच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेली. शाफ्ट तुटलाच तर कड्यात अडकेल, ना खाली पडेल ना वर येईल. कडी बसली आणि माझा जीव भांड्यात पडला. पुटपुटणं काही थांबलं नाही, पण मी ते मनावर घेणं सोडून दिलं.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरची रीत अशी की जे लोखंड फिरतं त्या प्रत्येकाला कुंकू लागलं पाहिजे. लेथला, ग्राइंडरला, मोटरच्या पुलीला. त्यानंतर पाने, हातोडे, छिन्न्या पाटावर मांडायच्या, दिवा लावायचा, आणि दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. ह्यांनी गाडी जॅकवर चढवली. शाफ्टाला नीट कुंकू लावता यावं म्हणून दोन्ही कडी खोलली. मी आत पुरण वाटत होते. त्या दिवशी आमच्या भागातली सगळी यंत्रं बंद असतात. एरवी ज्या खडखडाटाला शिव्या घालायच्या, तो नसला की भलतंच वाटतं. स्वतःच्या बांगड्या वाजल्या तरी मी दचकत होते.

एवढ्यात पोरगी कुंकवाची बोटं घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, आज ते गप हाय."

"गाडी बंद हाय म्हणून."

"न्हाई. बाबांनी हातानं फिरवलं, मी कान लावला. झालं त्याचं मोजून."

मी हात न धुताच बाहेर धावले. दिवा लागलेला होता. पाटावर पाने होते आणि त्यांच्या शेजारी ती दोन कडी, प्रत्येकावर एकेक झेंडूचं फूल. सासूबाईंनी मुहूर्ताची घाई केली, ह्यांनी गडबडीत सगळी हत्यारं मांडून टाकली, आणि कडी परत बसवायची राहिली हे नमस्कार केल्यावर लक्षात आलं. मी पाना उचलायला वाकले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"वर्षातून एकदा लोखंडाला इसावा असतो, बाई. उद्या सोनं लुटून आलं की आवळा म्हणावं."

"एका दिवसात काय होऊन राह्यलंय?" हेही म्हणाले.

दसऱ्याला दुपारी सोनं लुटायला निघायचं म्हणून ह्यांनी गाडी जॅकवरून उतरवली आणि पोरगी नवा फ्रॉक घालून गाडीपाशी उभी राहिली. मी सांगून टाकलं, कडी नाहीत तर पोरगी बसणार नाही आणि मीही येणार नाही. तुम्हीही जाऊ नका. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. बालवाडीतल्या पोरीने आकडे संपल्याचं सांगितलं, हे का कारण झालं? मी घाबरले होते, एवढंच खरं. पोरीने उंबऱ्यात लोळण घेतली. हे चिडले, "सणासुदीला लेकराला रडवून राह्यलीस." आणि एकटेच गेले.

तासाभराने लुनावर एक अनोळखी माणूस दारात आला. म्हणाला, "वाटूरच्या रस्त्याला तुमच्या मालकाची गाडी मोडली. जित्ते हायेत. पण बिलकुल उठून न्हाई राह्यले."

मी रिक्षा केली. कपाशीच्या कडेला गाडी तिरपी उभी होती. चार माणसं जमली होती, पण लांबच. पुढे व्हायला कुणी तयार नव्हतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा मधला पत्रा उलून वर आला होता आणि त्यातून शाफ्टाचं टोक बाहेर आलं होतं, ह्यांच्या खांद्याच्याही वर. गोधडी शाफ्टाभोवती पिळून पिळून दोरासारखी झाली होती आणि आत ओढली गेली होती. बाहेर नुसता एक काठ उरला होता.

ह्यांच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. ते स्टिअरिंगसमोर बसून होते आणि डावा हात त्या फाटक्या पत्र्यावर ठेवलेला होता. रक्तबंबाळ असते तर मी एवढी भ्याले नसते.

"उतरा," मी म्हटलं.

"नाक्यावरून परत फिरलो होतो," ते म्हणाले.

"कशाला?"

"तिला घ्यायला. तिचं रडणं कानातून जाईना. तुला न्हाई विचारणार, उचलून मधी बसवणार, असं ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी देवीची पालखी आल्ती. हॉर्न वाजवला, कुणी हललं न्हाई. दोनदा वाजवला. मंग म्हणलं, जाऊ दे."

मी वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. आमच्या दोघांच्या मध्ये पोरीएवढी जागा फाटलेली होती, आणि तिच्यावरून हात नेऊन त्यांना धरायचं माझ्याने होईना.