उतू जाणारी पावडर

आमच्या वन्संनी, आर्डिथ कुबिचेक यांनी, गावच्या धान्यकोठाराच्या काट्यावर अडतीस वर्षं काढली. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, चिठ्ठी फाडायची. लग्न केलं नाही. रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर आणि गुरुवारी संध्याकाळी नेमबाजीच्या मैदानावर, पोलादी तबकड्यांसमोर. दोन्हीकडे वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर.

काडतुसं त्या स्वतःच भरतात. उडवून झालेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, स्वच्छ करायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मोजून पावडर, वर गोळी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्याची धास्तीच वाटायची. पण हिवाळ्यासाठी काकड्यांच्या बरण्या भरताना मी जितकी शांत नसते, तितक्या त्या शांत असतात, हे पाहून भीती गेली.

यंदा फेब्रुवारीत शेतावरचं घर विकून त्या आमच्या शेजारच्या लहान घरात राहायला आल्या. सामानात तीन पिस्तुलं, काडतुसं दाबून बसवायचा जड प्रेस आणि पावडरचे अकरा डबे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा बाकी. ह्यांनी तिथेच पाय रोवले. हे म्हणजे लेनर्ड, वन्संचे धाकटे भाऊ, वय एकोणसत्तर. म्हणाले, प्रेस मी टेबलाला बसवून देणार नाही.

"ताई, एका पुंगळीत चुकून दोनदा पावडर पडली तर पिस्तूल हातात फुटेल. विकत घे काडतुसं. तुझ्या वयाचे सगळे घेतात."

"सगळे डब्यातलं सूपही पितात," वन्सं म्हणाल्या.

शेवटी तडजोड झाली. तिन्ही पिस्तुलांना चालेल अशी एकच पावडर निवडायची, म्हणजे डब्यांची गल्लत नको. ईस्टर झाला की ह्यांच्यासमोर पन्नास पुंगळ्या भरून दाखवायच्या. ह्यांचं समाधान झालं नाही, तर प्रेस गावातल्या डार्विनच्या बंदुकांच्या दुकानात विक्रीला जाणार. वन्संनी मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जेवताना दुसऱ्यांदा काही वाढून घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी जपमाळ धरली.

ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस आम्ही गोड सोडतो. वन्संनी त्यात पावडर शोधली. भिंग घेऊन भरणीची पुस्तकं चाळायच्या, तीन पिस्तुलांचे तीन रकाने पाहायच्या. एक पावडर स्वच्छ जळायची, पण थोरल्या पिस्तुलालाच मानवायची. डार्विनने सुचवली ती खसखशीसारखी बारीक, मापातून पाण्यासारखी वाहणारी, चिमूटभर पुरणारी. हेही आपली काडतुसं भरताना वर्षानुवर्षं तीच वापरतात, त्यामुळे ह्यांना वाटलं, प्रश्न मिटला. वन्संनी डबा हलवून पाहिला आणि परत ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी निवडली ती ओटच्या चुऱ्यासारखी हलकी, फुगीर, जुन्या चालीची. धूर करते, काजळी धरते, मापात अडकते म्हणून दर खेपेला टिचकी मारावी लागते. पण तिन्ही रकान्यांत तिचं नाव होतं.

डार्विन म्हणाला, "हिची दोनच गिऱ्हाइकं होती, आर्डिथ. त्यातलं एक वारलं."

"मग त्याच्या वाटचा डबा मला दे."

हीच का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी पन्नास पुंगळ्या तोंडं वर करून पाटावर ओळीने उभ्या राहिल्या. हे समोर हाताची घडी घालून बसले, परीक्षकासारखे. तीस पुंगळ्या बिनचूक झाल्या. एकतिसावी भरली आणि नेमकी तेव्हाच मी कोलाचेचं, म्हणजे गोड सारणाच्या मऊ पावांचं, ताट घेऊन आत शिरले, मनुकेचा देऊ की खसखशीचा विचारत. वन्संनी मान वर केली, खसखशीचा सांगितला, पुन्हा खाली वळल्या आणि त्याच पुंगळीवर माप धरून त्याची दांडी ओढली.

पावडर पुंगळीच्या तोंडावर ढीग करून आली आणि दूध उतू जावं तशी पाटावर सांडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बघ. झाली ना चूक," हे म्हणाले.

"झाली. आणि तुला तिथून, चष्मा न लावता दिसली." वन्संनी माप खाली ठेवलं. "मी चुकणार नाही असं म्हणाले होते का, लेनर्ड? काट्यावर असताना न चुकता एक महिना गेला नाही. तुझ्या त्या बारीक पावडरीची दोन मापं पडली तरी पुंगळी अर्धी रिकामीच दिसते. आत वाकून बघावं लागतं. माझ्या डोळ्यांना ते होणार नाही. म्हणून चूक पोटात ठेवणारी नको होती मला."

हे पाटाकडे बघत म्हणाले, "बावीस वर्षांपूर्वी माझ्या पिस्तुलाची मूठ फुटली होती ना, ती सिमेंटवर पडून नव्हती फुटली."

त्या दिवशी ह्यांच्या तळहाताला पट्टी मीच बांधली होती. मी विचारलं, दरवर्षी पापकबुलीच्या रांगेत उभे राहता, तिथे ही गोष्ट कधी ओठांवर आली नाही का?

"देवाला तेव्हाच सांगितलं होतं. तुला सांगायची हिंमत नव्हती."

वन्संनी हसू दाबलं. भरलेल्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून त्यांनी पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला हे टॉर्च घेऊन शेजारी बसले, आणि मी स्वयंपाकघरातून हलले नाही. पन्नास झाल्या, पण गोळ्या बसवायला प्रेस लागतोच. ह्यांनी पाना आणला आणि चारही बोल्ट आवळले. दमल्यावर खसखशीचे तीन कोलाचे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर हे अंगणात आपला बारीक पावडरचा डबा हातात धरून फिरत होते आणि ती गवतावर पातळशी पसरत होते. इथे नको झालेली पावडर गवतालाच घालतात, खत म्हणून. कुंपणापलीकडून वन्सं सांगत होत्या, एका जागी ढीग नको करूस, सगळीकडे सारखी टाक.