रिकाम्या पाण्यातला डाग

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की मी कट्ट्यावरनं उठून जाणारा माणूस. हसणारे हसू देत, तरी सांगतो.

कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. आमच्या लॅबमध्ये पाण्याची टाकी आहे, आतल्या कडेनं सेन्सरचं कडं. एका सेन्सरनं आवाज सोडायचा — कानाला न कळणारा — बाकीच्यांनी पकडायचा. तो कुठं लवकर पोचला, कुठं रेंगाळला, यावरनं कॉम्प्युटर आतलं चित्र जुळवतो. स्तनातली गाठ लवकर दिसावी म्हणून हा खटाटोप. अजून माणसावर वापरलेलं नाही, स्तनाऐवजी जिलेटिनचे गोळे ठेवूनच चाललंय. रीत अशी, की आधी नुसत्या पाण्याचं चित्र काढायचं. ते कोरंच यायला पाहिजे. काही दिसलंच तर मशीनचा दोष धरून पुढच्या चित्रांतनं वजा करायचं.

खंडेनवमीला वैनी मशीनची पूजा करायला आल्या. थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर माझं सगळं त्यांनीच केलं. टाकीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि म्हणाल्या, "आता चालवून दावा की भावजी."

मी ऐटीत पाण्याचं चित्र काढलं. एका बाजूला डाग!

डोकंच फिरलं माझं. पाणी बदललं. कडं फिरवलं — सेन्सर खराब असता तर डागही फिरला असता. जागचा हलला नाही. चित्र जुळवायची दुसरी पद्धत लावली, तरी तिथंच.

"मशीनचा दोष हाय वैनी. वजा करून टाकतो."

"नको." त्यांचा हात पदराखाली गेला होता. "तिथंच लागतंय मला... गणपतीपासनं. घरात बोललं न्हाय कुणाला."

दसरा झाल्या झाल्या दवाखान्यात नेलं. गाठ निघाली. तीच बाजू, तीच जागा. आणि वाईटच निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. ऑपरेशननंतर पाण्याचं चित्र काढलं, तर कोरं.

सोबतचे म्हणतात, आधीचा डेटा राहिला असेल. अरे, कुठला आधीचा? वैनींनी त्या पाण्यात कधी बोटसुद्धा बुडवलेलं नाही. मी सगळं तपासलं, डोकं आपटून घेतलं... उत्तर नाही.

उद्या त्यांची तपासणी आहे. सकाळीच फोन आला, "भावजी, आधी पाणी बघून सांगा."

टाकी भरलीय. पाणी केव्हाच स्थिर झालंय. मला भीती वाटतेय, खरं सांगतो. वैनींचा आणखी एक मिस्ड कॉल येऊन गेला... आणि बटण दाबायला हात होत नाही.