पेन्सिलीचे ठिपके

नाटक कंपनीत प्रॉम्प्टरला सगळे कुजबुजे म्हणत. खरं आडनाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. चोवीस वर्षं तो विंगेतल्या त्याच स्टुलावर बसत आला होता. मांडीवर संहिता, कानामागे पेन्सिल. नट अडखळला की पुढचे शब्द इतके हलके सोडायचे की पहिल्या रांगेलाही कळू नयेत, आणि जिथे पुरवावे लागले तिथे एक ठिपका द्यायचा. ठिपके ज्याचे त्यालाच दाखवायचे, तिसऱ्याला नाही. नटाची अब्रू सांभाळायची तर हे पाळावंच लागे.

कंपनीचे मुख्य नट दादा. त्यांच्या पानांवर कधी ठिपका पडला नव्हता.

"माझं नाटक फुकट बघतोस, कुजबुज्या, वर पगारही घेतोस," ते म्हणत.

"तुम्ही एकदा तरी विसरा, म्हणजे घेतल्यासारखा वाटेल," कुजबुजे म्हणे.

त्या दिवशी बाराचा प्रयोग होता. पहिल्या अंकात, विंगेतल्या घड्याळात बारा पंचवीस झाले असताना, दादा थांबले. त्यांनी विंगेकडे पाहिलं. कुजबुजेने शब्द सोडला, दादांनी तो उचलला. पुढच्या वाक्याला पुन्हा पाहिलं. मग प्रत्येक वाक्याला.

*मुलगा : तुम्ही मला शोधलं का नाहीत?*
*वडील : • शोधलं. • ज्या घरात तू नव्हतास • त्या प्रत्येक घराचं दार वाजवलं.*
*मुलगा : आणि माझ्या घराचं?*
*वडील : • तिथे हात उचलला नाही.*

दादांची जीभ जड झाली होती, उजवा हात लोंबत होता. लोकांना वाटलं, काय म्हातारा वठवलाय. मध्यंतरात मॅनेजरही तेच म्हणाला. कुजबुजेने दादांना एकट्यात गाठून विचारलं, "बरं वाटत नाही का?" दादांनी मान फिरवली. लाजले असतील, असं समजून उरलेले दोन अंक त्याने तोलून नेले. एक शब्द खाली पडू दिला नाही. तीन वाजता पडदा पडला तेव्हा त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

पडद्यामागे दादा खुर्चीत बसले ते उठले नाहीत. थकले असतील, म्हणून तासभर मेकअपच्या खोलीत झोपू दिलं. त्यांना न्यायला आलेल्या मुलीने ओठाचा कोपरा ओघळलेला पाहिला, तेव्हा गाडी काढली. रुग्णालयात तपासण्या होईतो पाच वाजून दहा मिनिटं झाली.

"मेंदूत गुठळी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. उशीर झालेला असेल आणि दिलं, तर रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. शेवटचं नीट कधी बोलले?"

"तीनला," मुलगी म्हणाली. "अख्खं नाटक म्हटलं त्यांनी. दोन तासच झालेत, तुम्ही द्या."

नर्स ट्रे घेऊन आली. कुजबुजे भिंतीशी उभा होता.

"बारा पंचवीसला," तो म्हणाला. सवयीने आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेलं नाही. त्याने पुढे होऊन संहिता टेबलावर उघडली. "बारा पंचवीसला, बाई. हे ठिपके बघा. पुढचं मी बोलत होतो."

डॉक्टरीणबाईंनी तीन-चार पानं उलटली, घड्याळ पाहिलं आणि नर्सला ट्रे परत न्यायला सांगितलं.

"मग आता?" मुलीने विचारलं.

"आता जीव वाचवू. बोलणं परत येईल असं वाटत नाही."

मुलीने संहिता ओढून घेतली. उभ्यानेच पानामागून पान वाचत गेली.

"इतके ठिपके पडेपर्यंत तुम्हाला पडदा पाडावासा वाटला नाही, काका?"

"दादा विसरले, असं वाटलं. लोकांना कळू नये म्हणून..."

"बाबा स्वतःचं कुठवर बोलले?"

त्याने मागची पानं काढली. एका ओळीवर बोट ठेवलं. तिने ते बाजूला सारून ओळ वाचली.

*वडील : खिडकी लावून घे. कागद उडतायत.*