दोरीची दोन्ही टोकं

आमच्या घरात भुताखेतांना जागा नव्हती. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्या. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो, तिथे दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ छापत नाहीत. त्यामुळे हे कुणाला पटवण्यासाठी लिहीत नाही... पाहिलं तेवढंच सांगतो.

मिलिंददादा माझा चुलतभाऊ, मूळचा वसमतजवळच्या हट्टा गावचा. नव्वदच्या दशकात तो समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर डायव्हर होता. डोक्यावर हेल्मेट, हवेची नळी वरून आलेली, कमरेला दोर. काळ्या पाण्यात पाइपांचं वेल्डिंग. दोराचं दुसरं टोक वर टेंडरच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात. हेल्मेटमधला फोन बंद पडला की दोरावर बोलायचं. वरून एक ओढ म्हणजे ‘ठीक आहेस का’, चार म्हणजे ‘वर ये’. खालून चार आल्या तर ‘मला वर घ्या’. चार आल्या की विचार करायचा नाही, निघायचं.

पुढे कंपनीनं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. चाळिशीच्या डायव्हरला दुसरीकडे कोण घेणार? एकच रस्ता उरला – गोव्यात पर्यटकांना स्कूबा शिकवायचं. पाठीवर सिलिंडर, दोर नाही, वर कुणी नाही. त्यासाठी इन्स्ट्रक्टरची परीक्षा होती, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा नियम असा की शिकणाऱ्याला पाण्याखाली एकटं सोडायचं नाही. सोडलं की नापास.

२००४ च्या मार्चमध्ये तो सरावासाठी सामान घेऊन गावाकडे आला. डोंगरकडा या गावी ओळखीच्या शेतकऱ्याची केळीच्या बागेत मोठी बांधीव विहीर होती. विद्यार्थी म्हणून मी. पोहता येतं, एवढीच पात्रता. वहिनी डबा घेऊन सोबत.

“एवढं सामान आनलं तर माझी हिरीत पडलेली जुनी मोटार काढून द्या,” शेतकरी म्हणाला.

“ह्यांला मोटारीचं सांगू नका,” वहिनी म्हणाली. “आता लोकायचा हात धरून मासे दाखवनार हायत.”

दादाही हसला.

पहिल्या दिवशी आम्ही तळाजवळच्या कट्ट्यावर समोरासमोर गुडघे टेकून बसलो. तोंडातली नळी काढून परत कशी लावायची, हे तो शिकवत होता. मी नळी काढली. तेवढ्यात त्यानं स्वतःच्या कमरेकडे पाहिलं... आणि वर निघून गेला. मी कशीबशी नळी लावून मागोमाग आलो. तो पायरीवर बसला होता.

“काहून सोडलंस मला?”

“चारदा वढलं.”

“दोर कुठाय पण?”

“न्हाई ना. गोव्यात शिकतानाबी नव्हता. तरी वढतंय. सोडायचं न्हाई म्हनतो, पन पाय आपोआप हलतात.”

शरीराची जुनी सवय, असं मी म्हणालो. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं.

“मंग खराच दोर लावा,” वहिनी म्हणाली. “मी धरते. खरा असल्यावर खोटा कशाला येईल?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाच्या कमरेला नायलॉनचा दोर, टोक वहिनीच्या हातात. लोडशेडिंगमुळे मोटार बंद, पाणी स्थिर. खाली तोच धडा. दोर सरळ वर जात होता, थोड्या अंतरावर हिरव्या पाण्यात दिसेनासा होत होता. तो ताणला गेला. एक, दोन, तीन, चार... दादाच्या कमरेचा पट्टा उचलला जाताना मी पाहिला. त्यानं माझं मनगट धरलं. या वेळी तो गेला नाही, राहिला. मग दोर न थांबता वर जाऊ लागला, आणि त्याच्याबरोबर आम्ही दोघं.

वर वहिनी आणि शेतकरी मिळून ओढत होते.

“काहून वढलं? राहिलो होतो ना मी आज,” दादा म्हणाला.

“तुमीच तर वढलं खालून. चारदा. म्हनून ह्या भाऊंला हाक मारली.”

“मी दोराला हातबी लावला न्हाई.”

“आन मी आधी वढलं न्हाई. लेकराची आन.”

“बराबर हाय,” शेतकरी म्हणाला. “ताईचेच हात आधी हिरीकडं खेचले गेले. मी बघितलं.”

दोर कपारीत अडकला असेल म्हणून मी पुन्हा उतरून भिंत तपासली. कपार नव्हती. शिवाय अडकलेला दोर नुसता अडकतो. दोन्ही टोकांना एकदम आपल्याकडे खेचत नाही. मध्ये कुणीतरी धरला तरच तसं होतं. आम्ही त्याच पाण्यातून वर आलो होतो. तिथे कुणी नव्हतं.

दादाच्या जुन्या टेंडरलाही मी फोन केला. माणूस जिवंत, केरळात, नातवंडांत. त्यांच्या दोरावर कधी कुणी दगावलं नव्हतं. भूत म्हणावं, तर कुणाचं?

दादा परीक्षेला गेला. विद्यार्थी म्हणून बसलेल्या परीक्षकाला खाली सोडून वर आला. कारण विचारलं तर कान दुखला म्हणाला. दुसऱ्यांदा बसला, पुन्हा तेच. मग सामान परत करून वसमतला हळदीच्या गोदामावर राखणदार म्हणून लागला. त्या दुपारचा खुलासा मला आजही देता येत नाही.

मागे भेटायला गेलो, तेव्हा तो गोदामाच्या दाराशी बसला होता. वहिनी समजावत होती, “ते वाईट तर करून न्हाई राहिलं. वर ये म्हनतंय. जीवच वाचवून राहिलं ना?”

“आलो ना वर,” दादा म्हणाला. “आता सांग, हितं काय हाय?”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. लिहिणारा माणूस, काहीतरी सुचेल, असं तिला वाटलं असावं.