माहिती गोळा केली जात आहे

आमचे आमदार भोपाळच्या विधानसभेत मागच्या बाकावर बसत. त्यांचे प्रश्न शुद्ध हिंदीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे, म्हणजे बालाघाटातल्या एका मास्तराकडे होतं. अख्ख्या वर्षात त्यांनी भाषण असं एकही केलं नाही, नुसते प्रश्न विचारले. मला त्याची थोडी लाजच वाटे. भोपाळात जरा लांब बोलत जा म्हटलं, की ते म्हणत, "मास्तर, मले विचारता येते. बोलता नाही येत."

सरकारचं छापील उत्तर आलं, की ज्याचा प्रश्न त्याच्या दारी जाऊन ते वाचून दाखवत. मग त्यात काही असो वा नसो. भरवेलीच्या खाणीतल्या धुळीने किती कामगार आजारी पडले, या प्रश्नाचं उत्तर घेऊन आम्ही खाणकामगारांच्या वस्तीत गेलो. 'माहिती गोळा केली जात आहे,' एवढंच त्यात होतं.

एक म्हातारी म्हणाली, "कोन गोळा करून राह्यलं, भाऊ? इथं तर कोनी नाही आलं."

मला मान वर करवेना. ते मात्र तिच्या ओट्यावर टेकले, उत्तराचा कागद पालथा केला आणि माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं.

"मी आलो ना, माय. सांग, तुया घरी कोन खोकलते?"