कागदाशिवाय बारा चाली

आमच्या छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या ताईंना सगळे मागून ‘वेलांटी’ म्हणायचे. पहिलीच्या जागी दुसरी वेलांटी पडली, तर ती त्यांच्या नजरेतून कधी सुटायची नाही. मी शेजारच्या टेबलावर छापायच्या मजकुराची पानं लावतो. सोळा वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून बसलोय, त्यामुळे पुढचं सगळं मला थोडं त्यांनी सांगितलेलं आणि थोडं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मूळ कागद समोर असल्याशिवाय ताई एक ओळ पुढे सोडायच्या नाहीत. छापखान्याचा पत्तासुद्धा दरवेळी बघून तपासायच्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एक निधनाची जाहिरात घाईत, ‘आत्ताच तर वाचलंय’ म्हणून, कागद न बघता पास केली होती. त्यात दोन भावांच्या नावांची अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी छापील मयत स्वतः काउंटरवर हजर. भांडले नाहीत बिचारे. म्हणाले, “सकाळपासून लोक बायकोला भेटायला येतायत. मी दार उघडलं की काय बोलावं ते त्यांना कळत नाही.” आम्ही तोंड लपवून हसलो. ताई मात्र कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत. तेव्हापासून कुणी ‘आठवून सांगा’ म्हटलं तरी त्या आधी कागद शोधायला उठायच्या.

अशा बाईने पस्तिशीत सॅक्सोफोन हातात धरला. घर बदलताना त्यांच्या भावाने तो भंगारात काढला होता, ताईंनी उचलून घरी आणला. नोटेशन म्हणजे शेवटी समोरचं बघून वाचायचंच काम, ते त्यांना झक्कास जमलं. पुढे स्टेशनजवळच्या एका हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी चौघांचा जॅझ व्हायचा, त्यात त्या वाजवू लागल्या. पियानोवर एका शाळेतले गणिताचे मास्तर, तेच म्होरके. माणसाएवढ्या उंच, जाड तारांच्या बासवर एक प्लंबर आणि ड्रमवर औषधाच्या दुकानातला एक जण. जॅझमध्ये आधी चाल वाजवायची आणि मग तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते मनाने वाजवायचं, अशी रीत. ताई हे आयत्या वेळचं शुक्रवारीच घरी लिहून ठेवायच्या. मास्तरांना ते ठाऊक होतं, तरी ते चालवून घ्यायचे.

आठ वर्षं असं चाललं. मग एका शनिवारी मास्तर म्हणाले, “पुढच्या महिन्यापासून कागद ठेवायचे स्टँड बंद. लोक आपल्याकडे बघतात आणि आपण कागदाकडे. बारा चाली आहेत, पाच आठवडे आहेत. करा भागाकार.”

“मास्तर, मला पाठ होत नाही,” ताई म्हणाल्या.

“अहो, आठ वर्षं त्याच बारा चाली वाजवताय तुम्ही.”

“बघून.”

“मग आता न बघता,” असं म्हणून मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं.

सोमवारी ताई कामावर आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच. प्रुफाच्या कडेवर त्यांची बोटं आपोआप हलत होती. एकच पान तीनतीनदा तपासायच्या आणि तरी मला विचारायच्या, “सात नंबरचं पान मी बघितलं ना?” नवऱ्याने घरी सरळ सांगितलं, “एवढा जीव टांगणीला लागतोय तर नाही म्हणून टाक.” पण ‘नाही’ म्हणायला मास्तरांसमोर उभं राहायचं, याचीही त्यांना धास्तीच होती.

त्या पाठ करायच्या म्हणजे डोक्यात त्या कागदाचा फोटो काढायच्या. कुठे चहाचा डाग, कुठे पेन्सिलची खूण, सगळं दिसायचं. तीन नंबरची चाल संथ होती. तिच्यात पहिली ओळ दोनदा येते, मग एक वेगळाच मधला तुकडा, आणि मग पुन्हा पहिली ओळ. तो मधला तुकडा नेमका दुसऱ्या पानावर छापलेला. मनातलं पान उलटलं की पुढे कोरं. रोज तिथेच गाडी अडायची. तीन आठवडे संपले तेव्हा बारापैकी चार चाली हाताशी होत्या, आणि त्याही देवाच्या भरवशावर.

एका बुधवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघराचं दार लावून तीच चाल वाजवत होत्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या तिथेच खिडकीपाशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. ताई मधल्या तुकड्याशी थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा खुर्चीतून बारीक आवाजात पुढची चाल आली. सासूबाईंनी मधला तुकडा पुरा म्हटला, शेवटची ओळ म्हटली आणि पुढची शेंग हातात घेतली.

“आई, हे तुम्हाला कसं येतं?”

“कसं म्हणजे? आठ वर्षं कानावर पडतंय. न यायला मी काय भिंत आहे?”

“पण तुम्ही कागद कधी बघितला नाहीत.”

“मला चष्म्याशिवाय शेंगेतली अळी दिसत नाही, तुझा कागद कुठून दिसायला?” मग जरा थांबून म्हणाल्या, “तू म्हणून दाखव बरं. वाजवू नकोस.”

ताईंना म्हणता येईना. तोंडातून पहिली ओळसुद्धा नीट निघेना.

“हे बघ,” सासूबाई म्हणाल्या, “आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आधी गळ्यातून काढ, मग त्या नळीत फुंक.”

उरलेले दिवस सॅक्सोफोन बराचसा पेटीतच राहिला. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ताई ‘ला ला’ करत एकेक ओळ म्हणायच्या आणि सासूबाई चुका काढायच्या. पंचाईत एवढीच, की सासूबाईंना ताईंचं शुक्रवारी लिहिलेलं आयत्या वेळचंही चालीत मिसळून पाठ झालं होतं. मग चाल कुठे संपते यावर दोघींची हुज्जत. छापखान्यात मला ताईंची पुटपुट ऐकू यायची. “जमतंय का?” विचारलं तर म्हणायच्या, “घरी जमतं. तिथे लोक असतात.”

पाच आठवडे संपले, त्या शनिवारी मी बायकोला घेऊन हॉटेलात गेलो. स्टँड खरंच नव्हते. ताईंचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि त्या ओल्या हातांनी सारखा कुर्त्याचा खिसा चाचपत होत्या, जणू आत कागद असावा. पहिल्या दोन चाली पार पडल्या. मग तीन नंबर. पहिली ओळ झाली, दुसऱ्यांदा झाली, आणि मधल्या तुकड्याशी सॅक्सोफोन गप्प झाला.

बास चालू होता. मास्तरांनी मान वर केली नाही, फक्त हात हलका केला. एका टेबलावरचे काटेचमचे थांबले. ताईंनी वाद्य तोंडापासून खाली घेतलं. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या ती चाल आतल्या आत म्हणत होत्या, बासबरोबर. मग वाद्य वर गेलं आणि अर्ध्या तुकड्यातून, चालती बस पकडावी तशा त्या आत शिरल्या.

त्यानंतर त्यांची मनाने वाजवायची पाळी होती. लिहून ठेवलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं. त्यांनी तीच चाल पुन्हा घेतली, एक सूर लांबवला, एक उशिरा टाकला, एक चक्क गाळला. तेव्हा मात्र मास्तरांनी मान वर केली.

दहाव्या चालीत त्यांनी भलताच शेवट जोडला आणि बाकीच्यांच्या आधीच संपवून मोकळ्या झाल्या. कान लाल झाले. उरलेल्या ठीक गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघे जण जेवतच राहिले.

पेटी बंद करताना ताई मास्तरांना म्हणाल्या, “सोळा मात्रा गेल्या माझ्या.”

“सतरा,” मास्तर म्हणाले. “मी मोजल्या. पुढच्या महिन्यात आणखी दोन चाली घेतोय.”

घरी गेल्यावर सासूबाईंनी काय ते विचारलं. ताईंनी चूक सांगितली, तर त्या म्हणाल्या, “मग? पुढे म्हटलंस ना?” आणि कूस बदलून झोपल्या.

याला तीन वर्षं झाली. आता ताईंना पंचवीसेक चाली येतात. शुक्रवारी त्या काही लिहीत नाहीत. छापखान्यात मात्र मूळ कागदाशिवाय अजूनही ओळ सोडत नाहीत, आणि मला विचाराल तर सोडूही नये. भीती गेली का, असं मी एकदा विचारलं होतं. “कुठे जातेय,” म्हणाल्या. शनिवारी दुपारचे चार वाजले की त्यांचे हात गार पडतात. त्या दिवशीची अवघड चाल दोनदा म्हणून बघतात, एकदा आमच्या जिन्यात आणि एकदा हॉटेलच्या पायरीवर. मग आत जातात.