जाऊबाईंनी ओळखलं नाही

पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत जुना माल फोडायचे, तेव्हा त्याचा आवाज आमच्या गावापर्यंत यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मी दचकायचे, पुढे सवय झाली. म्हणूनच त्या बाजाराच्या दिवशी धमाका झाला, तरी मी वांगी निवडतच राहिले. मग लोक ओरडत पळत आले. धूर आमच्याच बाजारातून, मिरचीवाल्यांच्या रांगेतून उठत होता.

माझ्या मोठ्या जाऊबाई तिकडेच गेल्या होत्या.

त्या बाभळीच्या बुंध्याशी बसलेल्या सापडल्या. उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, तोंडभर तिखटाचा धुरळा. "मले काई दिसून नाई राह्यलं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याजवळ आडवी पडलेली मिरचीवाली माझ्या ओळखीची होती. ती पुन्हा उठली नाही.

कोणीतरी पोत्यांमागे बॉम्बचा डबा ठेवला होता, असं पोलिसांनी सांगितलं. कोणी आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे नेमकं कोणाला भ्यायचं तेच कळेना. भीती सगळ्यांच्याच तोंडावर दिसायची. एकदा विहिरीच्या काठावर कोणाचा तरी पितळी डबा राहून गेला. सगळी गल्ली रिकामी झाली. दुपारपर्यंत कोणी पाणी भरलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने लांब बांबूने तो पाडला, तर आत भाकरी आणि चटणी निघाली. कोणी हसलं नाही.

दवाखान्यातून जाऊबाई घरी आल्या त्या उजव्या हाताची दोन बोटं गमावून; डोळे मात्र वाचले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावातल्या माणसांनी देवळीच्या रस्त्यावर एका घोंगड्या विकणाऱ्याला धरलं. तो परप्रांतातला होता, हिंदी बोलायचा, आमच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्याला मारत मारत आमच्या अंगणात आणलं. मिरच्यांच्या त्या पोत्यांजवळच्या दोघींपैकी जाऊबाईच वाचल्या होत्या ना, म्हणून ओळख पटवायला.

"वहिनी, हाच होता ना? नीट पाहा," धरून आणणाऱ्यांतला एक म्हणाला.

जाऊबाई भिंतीचा आधार घेत ओसरीवरून उतरल्या. त्याच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं आणि दात वाजत होते.

"मी याले पाह्यलं नाई."

"तुमच्या डोळ्यात तिखट गेलतं. ध्यानात नसन राह्यलं."

"तिखट मंग गेलं. त्याच्या आंधी मी मिरच्या निवडून राह्यली होती. मान खालीच होती माही. मी कोणालेच पाह्यलं नाई."

"म्हणजे हा नव्हता म्हणता?"

"होता का नव्हता, मले मालूम नाई. मालूम नाई तं हो कशी म्हणू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अशा लोकायले सरकारनं दिसतील तिथं गोळी घालावी. याले सोडलं अन् पुढच्या बाजारात पुन्हा झालं तं?"

प्रत्येकाच्या मनात तीच भीती होती, माझ्याही. जाऊबाईंनी एक हो म्हटलं असतं तर आम्ही सगळे त्या रात्री निवांत झोपलो असतो.

"मलेही तेच भेव वाटते," त्या म्हणाल्या. "पण याले मारलं अन् डबा ठेवणारा दुसराच असला, तं? तो तं मोकळाच राहीन. अन् आपण समजू, संपलं."

तेव्हा आमचे सासरे उठले. पायात वहाणा घालत म्हणाले, "याले ठाण्यात नेऊ. पोलीस काय ते पाहतीन. मी संगं चालतो." मला म्हणाले, "सूनबाई, पाणी दे त्याले."

मी तांब्या पुढे केला. त्याने तो नीट धरायच्या आधीच मी हात मागे घेतला आणि अर्धं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं. हाच असला तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सासऱ्यांनी त्याचा दंड धरला आणि वाटेत कोणाला हात लावू दिला नाही.

पोलिसांनी चौकशी केली. स्फोटाच्या दिवशी तो दूर जाम गावच्या फाट्यावर घोंगड्या विकत होता, असं तिथल्या दुकानदारांनी सांगितलं, तेव्हा त्याला सोडलं. तो आमच्या गावाकडे पुन्हा आला नाही. डबा ठेवणारा शेवटपर्यंत सापडला नाही.

आता अशा बातम्या येतात आणि देशाने काय करावं यावर घरात वाद होतात. तरुण मंडळी मला विचारतात. मला देशाचं सांगता येत नाही. मी फक्त ते अंगण सांगते, आणि हेही सांगते की जाऊबाई आमच्याइतक्याच घाबरलेल्या होत्या.

त्या घोंगडीवाल्याला सोडल्यावर, पुढच्या बाजाराआधी, बाहेरच्या विक्रेत्यांना गावात येऊ देऊ नये, असं काहींचं म्हणणं होतं. सासऱ्यांनी आणि आणखी काही जाणत्यांनी बाजार नेहमीसारखाच भरवायचं ठरवलं. वेशीवर दोन शिपाई आले. दुकानं निम्मीच लागली. लोक टोपली उचलून खाली पाहत, मग भाव विचारत. जाऊबाई मला घेऊन थेट मिरचीच्या रांगेत गेल्या आणि डाव्या हाताने मिरच्या निवडू लागल्या. माझं लक्ष सारखं पोत्यांच्या मागे होतं.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या. अंग घामाने भिजलं होतं. मी पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या बाजारालेही येजो वं माह्यासंगं. एकटीनं नाई होत."